पहिली वीट यजमानाची

आमची मालकीण सायराकान-एजे बोरसोकची परात घेऊन शिवणकामाच्या तळघराच्या पायऱ्या उतरायला लागली की आम्ही नऊजणी एकमेकींकडे बघायचो. बोरसोक म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे; ते सणासुदीला तळायचे, पाहुण्यारावळ्याला तळायचे. कामावरच्या बायकांसाठी गुरुवारी दुपारी ते कुणी उगाच तळत नाही.

"घ्या गं पोरींनो, गरम आहेत तोवर," ती म्हणाली. परात कटिंगच्या टेबलावर ठेवली, पदराशी चाळा करावा तसं गळ्यातल्या रुमालाचं टोक बोटाला गुंडाळलं, आणि मग म्हणाली, "रविवारी आशार आहे हं आपला. आठला या."

ओव्हरलॉकच्या मशीनवरून चिनारानं मान वर केली. "एजे, मागच्या रविवारीपण आशारच होता."

"मग? काम संपलं का?"

"त्याच्या मागच्या रविवारीपण."

"चिनारा, तुझी जीभ मशीनपेक्षा जोरात पळते. तिला तेल कोण घालतं गं?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. आमची खोडच ती. हसलं की 'हो' म्हटल्यासारखं होतं, आणि सायराकान-एजेला ते पक्कं ठाऊक होतं. थोरल्या बहिणीला म्हणावं तसं आम्ही तिला एजे म्हणायचो, आणि तीही "आपण सगळ्या एका घरच्या" असं दिवसातून दोनदा तरी म्हणायची.

खरं तर सुरुवात चांगली झाली होती. मे महिन्यात वस्तीतला पाट फुटला आणि तळघरात गुडघाभर पाणी शिरलं. आम्ही नऊजणींनी आणि आमच्या घरच्यांनी मिळून सगळ्या मशिनी वर काढल्या, दोन दिवस चिखल उपसला. कुणी एक सोम मागितला नाही. मागतच नाहीत. एजेनं मेंढा कापला, स्वतःच्या हातानं वाढलं, घरी जाताना प्रत्येकीच्या पिशवीत मांस घातलं. तो खरा आशार: एकाच्या अडीनडीला सगळ्यांनी फुकट हात लावायचा, आणि यजमानानं पोटभर जेवू घालायचं.

मग जूनमध्ये रशियातून शाळेच्या फ्रॉकची मोठी ऑर्डर आली. एजे म्हणाली, "अडलंय गं, एक रविवार आशार करा." आम्ही गेलो. चुकलो कुठं, तर जाताना आपापली भाकरी रुमालात बांधून घेऊन गेलो. आशारला स्वतःची भाकरी घेऊन कुणी जातं का? पण आम्ही गेलो, आणि त्या दिवसापासून एजेच्या घरची चूल रविवारी पेटायची बंद झाली. चार रविवार असे गेले. हा पाचवा.

आशारला नाही म्हणायला आमची जीभ वळत नाही. मी सहा वर्षांची असताना डोंगरातल्या आमच्या गावी आमचं घर असंच उभं राहिलं. चाळीस माणसं आली होती. कुणी चिखल तुडवला, कुणी विटा पाडल्या, कुणी तुळया चढवल्या. त्यानंतर अकरा वर्षं माझे वडील त्या चाळीस घरांपैकी जिथं बोलावणं येईल तिथं जात राहिले. शेवटी शेवटी खोकल्यानं त्यांना घमेलं उचलवेना. तरी गेले. चिखलाच्या ढिगाशी बसून त्यातले खडे वेचत राहिले. घरी आल्यावर आईनं विचारलं, "काय केलंत दिवसभर?" तर म्हणाले, "खडे. पण त्याच्या भिंतीत माझ्यामुळे एक खडा कमी आहे, एवढं तर झालं."

अशा माणसाची मी लेक. मी कशी नाही म्हणणार?

पण माझी लेक अक्मारल दहा महिन्यांची होती. आठवड्यातले सहा दिवस मी तिला शेजारच्या बाईकडे ठेवायची. ती बाई चांगली, पण रविवारचे दुप्पट घ्यायची. तिलाही घर होतं. म्हणजे एजेच्या फुकटच्या कामाला जाण्यासाठी मी पदरचे पैसे मोजत होते. एका फ्रॉकचे साठ सोम मिळायचे. दिवसाला बारा-तेरा फ्रॉक व्हायचे, डोळे चुरचुरेपर्यंत बसलं तर चौदा. त्यातून खोलीचं भाडं, शेजारणीचे, पोरीचं रवा-दूध. नवरा एर्मेक रशियात बांधकामावर होता. त्याच्या पैशांतून आम्ही वस्तीच्या टोकाला तुकडाभर जमीन घेऊन पाया भरला होता. वसंतात जाण्याआधी त्यानं भावाला घेऊन कच्च्या विटा पाडल्या, वाळवल्या, प्लॅस्टिकखाली रचून ठेवल्या. "परत आलो की भिंती," म्हणाला होता.

गुरुवारी संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. त्यांना मी अपा म्हणते.

"सूनबाई, मी रविवारी येते. सकाळच्या गाडीनं. पोरीचे कपडे बांधून ठेव."

"अपा..."

"अपा काय? थोरलं नातवंड आजीचंच असतं. तुझ्या नवऱ्याला त्याच्या आजीनंच वाढवला, वाया गेला का? इथं गाय आहे, हवा आहे. तू तिथं तळघरात, पोर परक्याच्या घरात. किती दिवस चालायचं हे?"

"तिला चार दात आलेत, अपा. मी दारात आले की माझ्या पायांच्या आवाजावरून ओळखते."

"मलाही ओळखेल. पंधरा दिवसांत ओळखेल."

पंधरा दिवसांत त्यांना ओळखेल, तर पंधरा दिवसांत मला विसरेलही. अक्मारल मांडीवर बसून माझ्या बोटावरची सुईची टोचलेली खूण चोखत होती. काय सुचलं कुणास ठाऊक, मी म्हणाले, "अपा, रविवारी या. मला नगामागे पंच्याऐंशी आणि रविवारची सुट्टी मिळाली, तर मी तिला सांभाळू शकते. मी सगळं मांडून बघितलंय. नाही मिळालं, तर मी स्वतः तिला तुमच्याबरोबर गाडीत बसवून देईन. रडणार नाही."

"कोण देतंय तुला पंच्याऐंशी?" अपा म्हणाल्या. पण फोन ठेवताना आवाज जरा मऊ झाला होता. "येते मी."

शुक्रवारी दुपारच्या चहाला मी ते सगळ्यांना सांगितलं. मशिनी थांबल्या की तळघरात पंख्याची घरघर तेवढी ऐकू येते.

"पंच्याऐंशी?" बुरुलचा-एजे म्हणाली. ती आमच्यातली सगळ्यात थोरली, अठ्ठावन्न वर्षांची, सायराकान-एजेहूनही मोठी. काज करायची. तिचं काज धुऊन धुऊन फ्रॉक फाटला तरी उसवायचं नाही. "शहाऐंशी नको, चौऱ्याऐंशी नको?"

"पंच्याऐंशीला शेजारणीचे भागतात आणि आठवड्यातून एकदा मांस शिजतं. त्याखाली यातलं एक सोडावं लागतं."

"मी दोन्ही सोडलंय," कुणीतरी म्हणालं, आणि कुणी हसलं नाही.

"पण आशारला जायचं नाही असं कसं म्हणायचं?" दुसरी म्हणाली. "उद्या आपल्या घरी मयत झालं तर कोण येईल?"

"नाही कशाला म्हणायचं?" मी म्हणाले. मला वडील आठवत होते. "जायचं. पण आशारला जातात तसं जायचं. रिकाम्या हातानं. यजमानीण वाढेल तेव्हा जेवायचं. आणि पहिली वीट यजमानाची. ती ठेवल्याशिवाय कुणी हात लावत नाही, हे ती विसरली. आपणही विसरलो."

बुरुलचा-एजेनं चहाचा प्याला पालथा घातला. "माझा म्हातारा गवंडी आहे," ती म्हणाली. "त्यालाही घेऊन येते. आशार म्हणजे आशार."

संध्याकाळी घरी जाताना चिनारा रस्त्यातल्या प्रत्येक विजेच्या खांबापाशी थांबत होती.

रविवारी आठला आम्ही नऊजणी सायराकान-एजेच्या अंगणात हजर झालो. कुणी नवरा आणला होता, कुणी दीर, कुणी पोरं. माझी अक्मारल माझ्या पाठीशी बांधलेली. शेजारणीला मी त्या दिवशी सुट्टी दिली होती. जर्दाळूच्या झाडाखाली मोठी लाकडी बाज होती, तिच्यावर सगळे ऐसपैस बसलो.

एजे दारात आली. "अगं, खाली जा ना. वर काय बसलात?"

"चहा येऊ दे की," बुरुलचा-एजे म्हणाली. "सायराकान, आशारला बोलावलंस, आणि चूल थंड?"

एजे हसली. आम्ही हसलो नाही. मग तिनं चहा आणला, नान आणले, कालचे बोरसोक आणले. सगळ्यांनी निवांत खाल्लं. बुरुलचा-एजेच्या म्हाताऱ्यानं हात उचलून यजमानिणीला आशीर्वाद दिला. सगळं रीतीनं झालं.

"आता तरी उठा. बुधवारी ट्रक येणार आहे, चारशे नग बाकी आहेत."

"एजे, पहिली वीट तुमची," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"पहिला फ्रॉक तुम्ही शिवा. मग आम्ही बसतो."

तिनं आमच्याकडे एकेकीकडे बघितलं. एके काळी ती बाजारात स्वतः मशीन घेऊन बसायची. शिवणाऱ्या बाईचा एक ताठा असतो, तो तिच्यात होताच. "मला येत नाही असं वाटतं का तुम्हाला?" म्हणाली, बाह्या सारल्या आणि खाली गेली. आम्ही पायऱ्यांवर दाटीवाटीनं उभ्या राहिलो.

शिवला छान. खोटं कशाला बोलू? कॉलर तर अशी बसवली की माझ्याकडून बसणार नाही. पण तळघरात जुलै महिना होता आणि ती सहा वर्षांनी बसली होती. पन्नास मिनिटं लागली. उठली तेव्हा पाठ धरून उठली, कपाळावरचा घाम नाकावरून फ्रॉकवर पडू नये म्हणून मान मागं घेऊन.

बुरुलचा-एजेनं फ्रॉक उलटा करून शिलाई बघितली. "छान आहे," ती म्हणाली. मग कमरेच्या पिशवीतून साठ सोम काढून टेबलावर ठेवले. "हे तुझे."

"हे काय?"

"नगाचे साठ. घे की. कमी वाटतात?"

सायराकान-एजे लालबुंद झाली. "तुम्ही माझी थट्टा करायला आलात? माझ्याच घरी?"

"नाही, एजे," मी म्हणाले. "आम्ही पंच्याऐंशी मागायला आलोय. आणि रविवार आमचा."

"पंच्याऐंशी! वेड लागलंय का? रशियातला शेठ मला किती देतो माहीत आहे? कापड, वीज, ट्रक... सत्तर देते. सत्तर. झालं?"

"पंच्याऐंशी."

"नको असेल तर दार उघडं आहे. बाहेर शंभरजणी उभ्या आहेत!"

आता चिनारा पुढं आली. खिशातून तिनं कागदांचं एक भेंडोळं काढलं. आमच्याकडे खांबाखांबावर जाहिराती चिकटवलेल्या असतात, खाली फोन नंबरांच्या झालरी कापलेल्या, ज्याला हवी त्यानं फाडून घ्यावी. चिनारानं टेबलावर एकेक पट्टी मांडली. नऊ पट्ट्या, नऊ कारखान्यांच्या.

"शंभर उभ्या असत्या तर या कुणी लावल्या असत्या, एजे?" ती म्हणाली. "सगळ्यांना शिवणाऱ्या हव्यात. शाळा उघडायला महिना राहिलाय. आणि ही बघा, ही तर पूर्णच काढून आणलीय मी." तिनं शेवटचा कागद उलगडला. "नंबर ओळखीचा वाटतो का?"

तो सायराकान-एजेचाच नंबर होता. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: अनुभवी शिवणकाम करणाऱ्या हव्यात, नगामागे नव्वद.

एजेनं तो कागद पालथा घातला.

"ते... नवीन पोरी याव्यात म्हणून तसं लिहावं लागतं. सगळेच लिहितात."

"आणि आल्यावर?" बुरुलचा-एजेनं विचारलं. "आल्यावर साठ, आणि वर बोरसोक. आम्ही तर तू लिहिलंयस त्याच्यापेक्षा पाच कमीच मागतोय, सायराकान."

ती आणखी चिडली. "माझ्या गळ्यावर पाय देऊन कुणाला काही मिळायचं नाही. शिवायचं तर बसा, नाहीतर चालायला लागा."

माझ्या पाठीवर अक्मारल जागी झाली आणि माझे केस ओढायला लागली. संध्याकाळी सातच्या परतीच्या गाडीनं अपांबरोबर तिचं जाणं मला समोर दिसत होतं. सत्तरला 'हो' म्हणावंसं वाटलं, अगदी जिभेच्या टोकावर आलं. पण सत्तरला तरी ती राहणार होती का? सत्तर म्हणजे हळूहळू निरोप देणं.

"बरं," मी म्हणाले. "एजे, आज आशार आहे हे तर तुम्हीच ठरवलंय. पाट फुटला तेव्हा आम्ही आलो. नंतर चार रविवार आलो. आता माझ्या घराच्या भिंती उभ्या राहायच्यात. विटा तयार आहेत. मी सगळ्यांना बोलावते. तुम्हालाही. पोस्टामागची शेवटची गल्ली."

आणि आम्ही पायऱ्या चढून निघालो. मागं एकाही मशीनचा आवाज नव्हता.

माझ्या प्लॉटवर पोचलो तर पायाच्या दगडावर अपा बसलेल्या. खोलीला कुलूप बघून शेजारणीला विचारत आल्या होत्या. मांडीवर गाठोडं. वीस-बावीस माणसं हात हलवत येताना बघून त्या उठून उभ्या राहिल्या.

"काय गं, कोण वारलं?"

"कुणी नाही, अपा. आशार आहे."

"कुणाचा?"

"आपला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, विटांकडे बघितलं, मग रिकाम्या कोपऱ्याकडे. "आशार आहे आणि चूल नाही, कढई नाही? तुला लाज नाही का वाटत?" असं म्हणत त्यांनी बाह्या सारल्या. वाटेत लागेल म्हणून गावाकडून आणलेलं वाळवलेलं मांस, लोणी, भाकऱ्या, सगळं त्या गाठोड्यातून निघालं. अर्ध्या तासात प्लॉटशेजारच्या घरची कढई तीन दगडांवर होती.

म्हाताऱ्यानं दोरी बांधली, ओळंबा सोडला. चिखलात भुसा घालून चिनारा आणि तिचा भाऊ पायानं तुडवायला लागले. "ए, नाचू नकोस, तुडव!" म्हातारा ओरडला. "नाचता नाचता तुडवलं तर भिंत हसरी होते!" चिनारा म्हणाली. मी अक्मारलला अपांकडे दिलं, वीट उचलली आणि कोपऱ्यात ठेवली. पहिली वीट. माझ्या हाताखाली ती किंचित सरकली आणि बसली.

दुपारपर्यंत भिंत माझ्या गुडघ्याला लागली. चारच्या सुमाराला कमरेला. मी चिखलात पाणी घालत होते तेव्हा गल्लीच्या तोंडाशी सायराकान-एजेची पांढरी गाडी थांबली. ती उतरली. स्वच्छ कपडे, टाचांचे बूट. चिखलाच्या कडेला येऊन थांबली.

कुणी काम थांबवलं नाही. म्हाताऱ्यानं "वीट!" म्हणून हाक मारली आणि कुणीतरी वीट दिली.

"दोघीतिघींना फोन करून बघितला," एजे शेवटी म्हणाली. "दुसरीकडच्या. नव्वदच्या खाली कुणी यायला तयार नाही."

"हो का?" चिनारा म्हणाली. "कागद चांगला लिहिला होता तुम्ही."

"चिनारा, गप बस." पण त्यात जोर नव्हता. "जिपार, ऐंशी."

माझं नाव घेऊन ती बोलली तेव्हा सगळ्यांचे हात थांबले. माझ्या हातात बादली होती. अपा चुलीपाशी उभ्या होत्या, अक्मारल त्यांच्या कडेवर, तोंडात लोण्याचा तुकडा.

"पंच्याऐंशी, एजे. आणि रविवार आमचा. फार अडलं तर बोलवा, पण रविवारची मजुरी दीडपट, आणि त्या कामाला आशार म्हणायचं नाही. पाण्यात बुडालात, घर बांधायला काढलंत, तर हाक मारा. फुकट येऊ. धावत येऊ."

ती वाकली, बूट काढले, बाजूला नीट जोडीनं ठेवले, आणि चिखलातून चालत येऊन रचलेल्या विटांतली एक उचलली. जड होती. म्हाताऱ्याच्या हातात दिली.

"उद्यापासून पंच्याऐंशी," ती वीट देताना म्हणाली, माझ्याकडे न बघता. "आठला या. चारशे नग आहेत."

"सगळ्यांसमोर म्हण," बुरुलचा-एजे म्हणाली.

"म्हटलं की! पंच्याऐंशी. रविवार तुमचा. आणखी काय, छतावर चढून ओरडू?"

"छत अजून झालं नाही," म्हातारा म्हणाला, आणि आता मात्र सगळे हसले.

जेवायच्या वेळेपर्यंत ती थांबली. चांगलं काम केलं तिनं. कामावरच्या चहातली साखर मात्र तिनं दुसऱ्याच दिवसापासून बंद केली. आता आम्ही आपापली नेतो. एकीनं दोनदा विसरून आणली नाही तेव्हा चिनारानं त्या पोरीलाच सायराकान म्हणायला सुरुवात केली.

सगळे गेल्यावर मी अपांच्या शेजारी दगडावर बसले. अक्मारल माझ्या मांडीत येऊन छातीशी तोंड खुपसून पीत होती, तिच्या पायांना चिखल. सातच्या गाडीला अर्धा तास होता.

"अपा, मी म्हटलं होतं..."

"ऐकलं मी. बहिरी नाही." त्यांनी गाठोड्यात हात घातला. तळाशी एक छोटी रजई होती, लाल-निळ्या तुकड्यांची, नवी, मेंढीची लोकर भरलेली. पोरीला गाडीत गुंडाळून न्यायला शिवलेली. एक टाका त्यांनी बोटानं दाबून बघितला, मला वाटलं परत ठेवतील.

"ही इथंच राहू दे," त्या म्हणाल्या. "भिंती ओल्या आहेत अजून. थंडीत पोरीच्या खाली घालायला होईल."

मग उठल्या, गुडघे झटकले, आणि गाडी चुकेल म्हणून मलाच ओरडल्या.